मांगराचा लोखंडी खुंटा

मी शिकलो तो मामामुळे, हे आधी सांगितले पाहिजे. पार्शाला आमच्या घरी पाच भावंडे, वडील दुसऱ्याच्या काजूत आणि शेतात राबणारे, आणि मला लिहायला बसायचे तर आईने आधी जेवणाची भांडी बाजूला सारायची. दहावीचा निकाल लागल्यावर मामा मोटारसायकलवरून आला आणि मला माझ्या वह्यांसकट पेडण्याला घेऊन गेला. त्याच्या घरी मी पाच वर्षे राहिलो. तिथून रोज सकाळच्या बसने म्हापशाला कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. मामाने मला कधी पुस्तकाला नाही म्हटले नाही, आणि एक प्रसंग सोडला तर जेवणावरून कधी बोलही लावला नाही. पुढचे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

मामा वायरमन होता, लायसन्सवाला. त्या काळात आमच्या भागातल्या वाड्यावाड्यांतून वीज पोचत होती आणि नव्या कनेक्शनच्या कागदावर त्याची सही लागायची, म्हणून त्याला मान होता. लोक त्याला कदेल म्हणजे खुर्ची पुढे करत, चहाबरोबर उंडे, आमच्याकडचे गोल पाव, आणून ठेवत. बोलायला तो आमच्यासारखाच, निम्मे कोंकणी निम्मे मालवणी. पण राग आला किंवा कुणाला खाली बघायला लावायचे असले की तो पुस्तकातल्या मराठीत शिरायचा. कोंकणी की मराठी यावरून सगळीकडे हमरीतुमरी चालली होती, आमचे वेगळे राज्य होणार-होणार म्हणत होते, आणि मामा मराठीवाला होता, सभांना जायचा. घरात मात्र त्याची शुद्ध मराठी सुरू झाली की मामी हळूच चुलीकडे निघून जाई.

घराच्या मागे मांगर होता. मांगर म्हणजे भात, नारळ, शेणी ठेवायला घरापासून वेगळी बांधलेली खोली. त्यात मोठी मामी राहायची. ती मामाच्या मोठ्या भावाची बायको. तो तापाने गेला, मूलबाळ नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात घराची कौले परतायची होती, तेव्हा तिचे सामान चार दिवसांसाठी मांगरात नेऊन ठेवले. कौले परतून झाली. तिला परत ये असे कोणी म्हटले नाही आणि तिनेही विचारले नाही. मी घरात आलो तेव्हा ती दोन वर्षे तिथेच होती. माहेर बांद्याकडचे, बोलणे तिकडचे. हातमशीनवर पोलकी शिवायची आणि घरातल्या गायीचे सगळे करायची: दूध काढणे, सोडणे, बांधणे. गाय मामीच्या माहेराहून, नार्व्याहून आलेली होती, आणि मामी तिच्याविषयी सख्ख्या बहिणीसारखे बोलायची. काम मात्र मोठ्या मामीने करायचे.

शिवणासाठी मोठ्या मामीने दिवा मागितला. मामाने घरातून मांगराला एकच तार ओढली. दिव्याला वीज नेणारी एक आणि परत आणणारी एक अशा दोन तारा लागतात. परतीच्या तारेऐवजी मामाने मांगराच्या जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, जमिनीत एक लोखंडी कांब ठोकली आणि दिव्याचे दुसरे टोक तिला बांधले. वीज घरातून तारेने यायची, दिव्यातून जायची आणि त्या कांबेतून जमिनीत मुरायची. गावाकडे असे बरेच जण करायचे. मामा दुसऱ्याच्या घरी करत नसे.

त्या कांबेला सगळे खुंटा म्हणत.

पावसाळ्यात दिवा छान पेटायचा. शिगमा झाला, जमीन कोरडी पडली, की तो लाल होत जायचा, निखाऱ्यासारखा. मग मोठ्या मामीने खुंट्याच्या मुळाशी तांब्याभर पाणी ओतायचे. जमीन ओली झाली की दिवा थोडा उजळायचा. हे तिला मामानेच शिकवले होते. रोज तिन्हीसांजेला ती दिवा लावायची, तो किती लाल आहे ते बघायची आणि तांब्या घेऊन बाहेर यायची.

"वयनी, तुजो दिवो पाणी पिता!" मामा सोप्यावरून ओरडायचा. "आमचे दिवे सुके पेटतात. तुजो लाडको जालो."

आलेगेले हसत. एकदा शेजारचे दोघेतिघे बसले असताना तो म्हणाला, "आमच्या भावाला शेवटी तोंडात पाणी घालायला ही वेळेवर पोचली नाही. आता दिव्याला घालते. सवय लागली, पण उशिरा लागली."

तेही लोक हसले. मोठी मामी तांब्या पालथा करून आत गेली.

ती मला कधी काही सांगायची नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी एकदा म्हणाली, "रे, तू शिकललो. हो खुंटो चावता."

"चावता म्हणजे?"

"पाणी ओतूक वाकलंय आणि पाय लागलो. कमरेपावत झिणझिण्या इल्ये. त्यांका सांगलंय तर म्हणतत, तुका काय चावना ता सांग."

मला वाईट वाटले आणि, खरे सांगतो, आनंदही झाला. कॉलेजात शिकलेले पहिल्यांदा कुठेतरी उपयोगी पडत होते. मामाच्या पिशवीत नियमांचे एक छोटे इंग्रजी पुस्तक असायचे. ते मी शब्दकोश घेऊन दोन दिवस वाचले. त्यात सरळ दिलेले होते. घरापासून वेगळ्या बांधकामाला वीज न्यायची तर दोन्ही तारा न्याव्यात, शिवाय तिसरी अर्थची, म्हणजे अर्थिंगची. त्या बांधकामाला जवळच्या जमिनीत स्वतःचा अर्थ द्यावा, खड्डा खणून, कोळसा आणि मीठ भरून. आणि तो अर्थ रोजच्या वापराचा परतीचा रस्ता करू नये. तो अपघातासाठी राखून ठेवायचा, म्हणजे कुठे तार उघडी पडली तर वीज माणसातून न जाता त्यातून जाईल. मामाने नेमके उलटे केले होते. दिवा पेटला की त्याच्या खुंट्यात वीज असायची. दिवा बंद असला की तो नुसते लोखंड.

मी ते कागदावर आकृती काढून मामाला दाखवले. वेळ चुकीची निवडली. सोप्यावर नव्या कनेक्शनसाठी आलेले दोघे बसले होते.

मामाने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ऐका हो," तो त्यांना म्हणाला. "आमच्या भाच्याने विजेचा शोध लावला आहे."

"मामा, तसे नाही, पुस्तकात..."

"पंडितजी, आपण आजपर्यंत किती घरांत दिवा लावलात?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"विचारतो आहे. किती?"

"एकाही नाही."

"मग ज्या घरात जेवता त्या घरातला तरी विझवू नका."

त्यातला एक पाहुणा इतका हसला की त्याला ठसका लागला. मामाने त्याला पाणी आणायला मलाच आत पाठवले.

ते गेल्यावर मात्र मामा शांतपणे माझ्याजवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या नेहमीच्या बोलीत म्हणाला, "तुजे खरे आसा रे. म्हाका कळना शें दिसता तुका? दोन तारो ओढल्यो, अर्थ घातलो, की फाल्यां ती आपल्या नावाचो मीटर मागतली. तिच्या नावाचो मीटर बसलो की तो मांगर रवना. घर जाता. कागदार घर जाले की ती थंय मरेपर्यंत रवतली, आनी फुडे तिचो भाव येतलो. समजले?"

मला समजले. मीटर नाही तर घर नाही, आणि घर नाही तर तिचा किंवा तिच्या भावाचा हक्क नाही. मामा मला मोठ्या माणसासारखे काही सांगत होता, याचा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मामीने विचारले, "काय म्हणाले?"

"दिवा पेटलेला असताना खुंट्याला शिवू नको. मग काही नाही," मी म्हटले. यात खोटे काही नव्हते.

पुढे राज्य झाले. फटाके वाजले, मामाने सोप्यावर बसून भाषेचे काय झाले यावर दिवसभर वाद घातला. एकच तार होती तशी राहिली. माझे शेवटचे वर्ष आले आणि परीक्षा आठ दिवसांवर आली.

परीक्षेचे वाचायला मी मागच्या अंगणात फणसाखाली बसायचो. एक दिवस दुपारी मोठी मामी पोलकी द्यायला देवळाकडच्या वाड्यावर गेली होती. मामा म्हापशाला. गाय मोकळी होती आणि गवताच्या कुडीला, म्हणजे रचलेल्या गंजीला, तोंड लावत होती. स्वयंपाकघराच्या जनेलातून मामी ओरडली, "रे, गाय मागल्या खुंट्याक बांध. तण खाता पळे!"

मागे दोन खुंटे होते. लाकडी एक, तो कुडीला लागून. तिथे बांधली तर ती गवतच ओढणार. दुसरा मांगराचा लोखंडी. तिथे सावली होती. माझ्या एका हातात पुस्तक होते, बोट पानात घातलेले. दुसऱ्या हाताने मी तिच्या गळ्यातली साखळी धरून तिला मांगराकडे नेली आणि कडी त्या कांबेत अडकवली. दिवा बंद होता. दिवा बंद असताना त्या लोखंडात काही नसते, हे त्या घरात मामानंतर मलाच नीट ठाऊक होते. म्हणूनच मी ती तिथे बांधली. ज्याला काही माहीत नव्हते तो घाबरून तिथे गेलाच नसता. संध्याकाळच्या आधी सोडू, असे मनात म्हटले आणि परत फणसाखाली येऊन बसलो.

मी चांगला अभ्यास केला त्या दुपारी. मोठी मामी कधी परत आली ते मला कळले नाही.

मांगराच्या जनेलात लाल उजेड दिसला. मी मान वर केली तेव्हा गाय हंबरत होती. तसा आवाज मी गायीचा कधी ऐकला नव्हता. तिचे पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि साखळी ताणली गेली. आदल्या संध्याकाळच्या पाण्याने तिथली माती मऊ होती, तिचे खूर तिच्यात रुतलेले. मोठी मामी तांब्या घेऊन धावत आली आणि गायीला धरायला वाकली.

"हात लावू नको!" मी ओरडलो. "दिवा! दिवा बंद कर!"

ती आत पळाली, दिवा गेला. गाय हलली नाही. मामी चुलीजवळून आली, तिने छाती बडवून घेतली. शेजारच्या बायका जमल्या. मी पुस्तक कुठे टाकले ते आठवत नाही.

मामा आला तेव्हा साखळी अजून खुंट्यातच होती. त्याने ती बघितली. मोटारसायकलची किल्ली खिशात घातली.

"कोणे बांधली ही हांगा?"

 मामीने माझ्याकडे पाहिले. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "गायीचे सगळे वयनीच करता."

यातही खोटे काही नव्हते.

"मी नाय बांधलंय," मोठी मामी म्हणाली. "मी देवळाकडे गेललंय. इलंय ती सरळ आत गेलंय, दिवो लावलंय."

मामा शुद्ध मराठीत आला. "मग गाय आपणहून खुंट्याकडे चालत गेली आणि आपणच कडी अडकवून उभी राहिली? शहाणी गाय होती. आमच्या घरातल्या काही माणसांपेक्षा शहाणी."

बायकांतून कुणीतरी फिसकन हसले आणि गप्प झाले.

मोठी मामी माझ्याकडे वळली. "तू हय वाचत होतस मा? तू सांग रे त्यांका. हय कोण इल्ला?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आठ दिवसांनी परीक्षा होती. माझी वह्या-पुस्तके, माझे अंथरूण, माझा बसचा पास, सगळे त्या घरात होते. पार्शाला आईने माझ्या पदवीसाठी नवस बोलला होता. हे सगळे मी त्या क्षणी हिशेबाने मनात आणले असे नाही. पण आधी तोंड उघडले आणि मग विचार केला, असेही नाही.

"मी वाचनात होतो," मी म्हणालो. "माझे लक्ष नव्हते. मला दिसले नाही."

हे मी शुद्ध मराठीत बोललो. त्या घरात तसे मामाशिवाय कोणी बोलत नसे.

"दिवा कोणी लावला?" मामाने तिला विचारले.

"मीया लावलंय."

"झाले तर."

मामाने त्याच संध्याकाळी तार उतरवली. कोपराभोवती नीट गुंडाळून पिशवीत ठेवली. मग म्हणाला, जिथे गाय मेली तिथे शुद्धी केल्याशिवाय माणसाने राहायचे नसते, वयनीने काही दिवस भावाकडे जाऊन राहावे. बांद्याला निरोप गेला. भावाने उलट निरोप धाडला की, ये.

जायला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत तिच्या हातचे पाणी कोणी घेतले नाही. मामीने विहिरीवरची कळशी उचलून आत ठेवली आणि तिला वेगळी दिली. शेजारच्या बायका पोलक्यांची कापडे परत मागायला आल्या, शिवलेली आणि न शिवलेली. एकीने शिवलेले पोलके काठीवर उचलून घेतले. मोठ्या मामीने ते धुऊन वाळवले होते. पहिल्या दिवशी ती येईल त्याला सांगत होती, मी बांधली नाही. दुसऱ्या दिवशी ती मामीलाच म्हणाली, "तू तरी सांग गो, तू घरात होतस."

मामी भात वैरत होती. तिने वर बघितले नाही. "वयनी, तुका इतल्या वर्सांची सवय. हात आपसूक जाता. आपणाक कळना."

मामी वाईट बाई नव्हती. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ती रोज माझ्यासाठी दूध बाजूला काढून ठेवायची. आता ते शेजारून आणत होती.

त्यानंतर मोठ्या मामीने मी बांधली नाही असे म्हणणे सोडून दिले. ती अंगणात उभी राहून खुंट्याकडे बघायची, हात पुढे करायची, कडी अडकवल्यासारखा, आणि मागे घ्यायची. मी फणसाखालून हे बघितले. मी जागा बदलली आणि पुढच्या दारी जाऊन वाचायला बसलो.

चौथ्या दिवशी सकाळी मामाने मला तिला बसवर पोचवायला सांगितले, कारण मशीन जड होते. पेडण्याच्या बसस्टँडवर आम्ही बाकावर बसलो, मशीन माझ्या मांडीवर. तिचे बाकीचे सामान एका गाठोड्यात मावले होते. तिने गाठोड्याची गाठ एकदा घट्ट केली. मग रस्त्याकडे बघत म्हणाली,

"तीन दिस मी आठवतंय. देवळाकडसून इलंय. गाय कुडीकडे होती आसतली. मगे मी तिका धरलंय आसतलंय. ता माका दिसता पण, डोळ्यांसमोर. साखळी धरलंय, कडी घातलंय. आदी दिसा नाय. आता दिसता."

मी मशीनचे चाक धरून बसलो होतो.

"तू माका खरा सांग," ती म्हणाली. "माजी दया येता म्हणान खोटा बोलू नको. आता मी जातंयच आसंय, आता कोणाक कोणाचो भंय नाय. तुका दिसला आसतला. म्हणानच त्या दिसा तू सगळ्यांदेखत गप रवलस, माका वाचवूक. व्हय मा? मीच बांधलंय मा?"

तिला असे वाटले होते. तिने चार दिवस माझ्या गप्प बसण्याचा असा अर्थ लावला होता.

आजूबाजूला कोणी ओळखीचे नव्हते. मी खरे सांगितले असते तर ती काही घरी परत फिरणार नव्हती. मामाच्या दारात जाऊन माझे नावही तिने घेतले नसते, एवढे मी तिला ओळखत होतो. पण "घेतले नसते" एवढ्यावर विसंबायचे धाडस मला झाले नाही. परीक्षा चार दिवसांवर होती.

"होय," मी म्हणालो.

तिने मान हलवली. एकदा, मग पुन्हा. तिचा चेहरा जरा सैल झाला.

"बरा झाला सांगलंस. नायतर आयुष्यभर घरच्यांकाच दोष देत रवलंय आसतंय. आता त्या मुक्या जिवाच्या नावान सोमवार धरीन."

बस आली. मी मशीन आत चढवून तिच्या पायाशी ठेवले. तिने जनेलातून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "बरो शिक. मामाक दुखवू नको. तेणी तुका वाढयल्यानी."

बस बांद्याच्या रस्त्याला लागली. मी चालत घरी आलो. मामी म्हणाली, गेली मरे? मी म्हटले, गेली. हातपाय धुतले आणि जेवण व्हायच्या आत दोन तास वाचले.